मुळांचा गारवा : वाळा, बर्फ आणि नागपूरचा उन्हाळा

औषधाचा काढा हाच अनेक थंड पेयांचा पूर्वज आहे. अमेरिकेत ‘रूट बिअर’ या नावाने प्रसिद्ध झालेले पेय ससाफ्रास या झाडाच्या मुळांची साल, सार्सापरिला नावाच्या वेलीची मुळे आणि इतर वनस्पती उकळून केले जात असे. फिलाडेल्फियातील चार्ल्स हायर्स या औषधविक्रेत्याने 1876 च्या सुमारास ते बाजारात आणले आणि पुढे त्यात आइस्क्रीमचा गोळा सोडण्याची रीत पडली, तिला ‘फ्लोट’ म्हणतात. सुगंधी मूळ, बर्फ आणि दूध ही त्या पेयाची तीन अंगे होत. ती तिन्ही नागपुरातही आढळतात, मात्र ती या शहरात निरनिराळ्या काळी आली आणि त्यांत सर्वांत जुने आहे ते मूळ, म्हणजे वाळा.

वाळा हे एका उंच, झुपकेदार गवताचे मूळ असून त्याला संस्कृतात उशीर आणि हिंदीत खस म्हणतात. चरकसंहितेत ज्वर आणि तृष्णा यांवर सांगितलेल्या षडंगपानीयात, म्हणजे सहा द्रव्ये घालून उकळलेल्या व निवल्यावर प्यावयाच्या पाण्यात, नागरमोथा, पित्तपापडा, चंदन, सुगंधवाळा आणि सुंठ यांच्या जोडीला उशीर आहे. येथे गारवा बर्फातून येत नाही. तो द्रव्याच्या गुणातून येतो, अशी त्यामागची धारणा आहे.

याच मुळाचा दुसरा उपयोग वास्तूसाठी होता. वाळ्याच्या ताट्या, म्हणजे बांबूच्या चौकटीत मुळे दाबून बसवून केलेले पडदे, दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई. अशा ताट्यांनी उन्हाळ्यात थंडी आणल्याचे वर्णन ‘आईन-ए-अकबरी’तही आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतील उष्णता घेते आणि हवा जितकी कोरडी, तितकी ही क्रिया वेगाने होते. म्हणूनच मुंबईच्या दमट उन्हाळ्यात निरुपयोगी ठरणारी ही युक्ती विदर्भात प्रभावी ठरली. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरचे पहिले नऊ दिवस नागपूरकर ‘नवतपा’ म्हणून ओळखतात. 23 मे 2013 रोजी शहरात 47.9 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, ती याच दिवसांच्या उंबरठ्यावर. आजचा कूलर हे त्या ताटीचेच यांत्रिक रूप होय.

बर्फाची कथा मात्र दूरदेशाहून सुरू होते. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने गोठलेल्या तळ्यांतील बर्फ भुशात बांधून 1833 मध्ये जहाजाने कलकत्त्याला पाठवला आणि पुढे मुंबईतही तो येऊ लागला. परंतु समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या नागपूरला अशा वितळणाऱ्या मालाचा फारसा लाभ होण्यासारखा नव्हता. 1867 मध्ये मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा शहराचे यंत्रयुगाशी नाते जुळले. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर तो दूरच्या तळ्यातून आणण्याची गरज उरली नाही.

दुधाच्या अंगाला पारशी उद्योजकतेचा वारसा आहे. दिनशा आणि एरचशा या राणा बंधूंनी 1932 मध्ये नागपुरात दुधाचा व्यवसाय आरंभला, त्याला पुढे आइस्क्रीमची जोड मिळाली आणि दिनशॉज हे नाव विदर्भात घरोघरी पोहोचले. हाताने फिरवायच्या जुन्या लाकडी भांड्यात बर्फाबरोबर खडेमीठ घालत, कारण मिठामुळे बर्फ शून्य अंशांच्या खाली वितळतो आणि मधल्या डब्यातील आटवलेले दूध गोठण्याइतकी थंडी निर्माण होते.

ही तीन अंगे एकत्र आणताना द्रव्यांची निवड महत्त्वाची ठरते. नागपूरची कीर्ती संत्र्याची असली, तरी संत्र्याचा रस दुधात ओतला की त्यातील आम्लामुळे दुधातील प्रथिने गोळा होतात आणि दूध फाटते. वाळ्यात असा आंबटपणा नसल्याने त्याचा पाक दुधाशी आणि आइस्क्रीमशी सहज एकरूप होतो. त्यात सोडा घातल्यास त्यातील वायू आइस्क्रीमच्या बर्फकणांवर मोकळा होतो आणि दुधातील प्रथिने ते बुडबुडे धरून ठेवतात, म्हणून वर दाट फेस चढतो. यासाठी मुळे मात्र स्वच्छ आणि ताजी हवीत. धूळ आणि बुरशी धरलेला ताटीचा वाळा पिण्यास योग्य नसतो.

बाजारात मिळणारे गडद हिरवे सरबत पाहून वाळ्याचा रंगच हिरवा असावा, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात मुळे तपकिरी-पिवळसर असतात आणि रात्रभर भिजवल्यावर पाण्याला फिकट मातकट छटा देतात. पहिल्या पावसानंतरच्या जमिनीची आठवण करून देणारा गंध हीच त्यांची खरी ओळख. अमेरिकेतही ससाफ्रासमधील सॅफ्रोल हे द्रव्य अपायकारक ठरल्याने 1960 मध्ये खाद्यपदार्थांत त्यावर बंदी आली आणि कृत्रिम स्वादांचा वापर वाढला. तेथे मूळ सोडणे आरोग्यासाठी आवश्यक होते. वाळ्याच्या बाबतीत तसे कोणतेही कारण नाही. येथे रंग आणि अर्क यांनी मुळाची जागा घेतली ती केवळ सोयीसाठी, आणि म्हणूनच हा बदल उलट फिरवणे पूर्णपणे नागपूरकरांच्या हाती आहे. त्यासाठी माठातील पाण्यात वाळ्याची एक जुडी सोडणे पुरेसे आहे.