वडीलधाऱ्यांच्या तोंडचा इतिहास

आजच्या रायगड जिल्ह्यांत पेणजवळ वरसई नांवाचें गांव आहे. विष्णुभट गोडसे हे तेथले भिक्षुक. घरांत दारिद्र्य आणि डोक्यावर ऋण. बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, तेथें दक्षिणा चांगली मिळेल, असें कानावर येतांच १८५७ सालीं ते चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानच्या वाटेला लागले. वाटेंतच त्यांची गांठ यज्ञाऐवजीं युद्धाशीं पडली. पुढें झांशीच्या वेढ्यांत ते अडकले. राणीसाहेबांना त्यांनीं समक्ष पाहिलें, आणि शहर पडल्यानंतरची कत्तल व लूटही पाहिली. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. शेवटीं गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं परतले आणि त्या पाण्यानें त्यांनीं आपल्या वृद्ध आईवडिलांना स्नान घातलें.

ही हकीकत जवळजवळ पंचवीस वर्षें तोंडींच राहिली. भटजींनीं ती किती ओसऱ्यांवर सांगितली असेल आणि किती जणांनीं सुपारी कातरीत ऐकून सोडून दिली असेल, याची गणती कोण करणार! कल्याणच्या वैद्यांकडे मात्र एक निराळा श्रोता निघाला. त्या घराण्याचे गोडसे हे उपाध्याय, आणि घरांतील चिंतामण विनायक हा तेव्हां अवघा बाविशीच्या सुमाराचा तरुण. हेच पुढें महाभारताचे मर्मज्ञ म्हणून प्रसिद्धीस आलेले चिं. वि. वैद्य. ‘भटजी, हें लिहून काढा,’ असा आग्रह त्यांनीं धरला, आणि भटजींनीं तो १८८३ च्या सुमारास मोडी अक्षरांत पुरा केला. सरकारचें भय इतकें, कीं लेखकाच्या हयातींत तो ग्रंथ छापण्याची सोय नव्हती. ‘माझा प्रवास’ हें पुस्तक १९०७ सालीं, भटजींच्या मृत्यूनंतर, लोकांसमोर आलें.

पण जें लोकांसमोर आलें, तें सर्वस्वी भटजींचें नव्हतें. वैद्यांनीं त्यांची बोली आपल्या काळच्या ग्रांथिक मराठींत बसविली, कांहीं मजकूर गाळला, कांहीं आपल्या पदरचा घातला. सुदैवानें मूळ कागद त्यांनीं जपून ठेवले आणि १९२२ सालीं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. त्यावरून दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं भटजींची अस्सल भाषा छापून काढली. वैद्यांना दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांनीं विचारलेंच नसतें, तर दुरुस्त करावयासही कांहीं उरलें नसतें, आणि कागद फेंकून दिले असते तर पोतदारांनाही हात चोळीत बसावें लागलें असतें. घरांतील सुशिक्षित मुलें आईवडिलांच्या आठवणी उतरून घेऊं लागलीं कीं वैद्यांचाच मोह त्यांना होतो. आईच्या तोंडचा शब्द ‘अशुद्ध’ वाटतो, वडिलांनीं मारलेला फाटा अनावश्यक वाटतो, आणि एखादी गोष्ट चारचौघांत सांगण्याजोगी नाहीं म्हणून ती हळूच वगळली जाते. साफसूफ करावयाची असेल तर ती नकलेवर करावी. मूळ उतारा किंवा ध्वनिमुद्रण आहे तसें राहूं द्यावें.

कांहीं घरांतून तर इतिहास अर्धाच लिहिला जातो. धोंडो केशव कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यांचा पुनर्विवाह, मुरुडकरांनीं घातलेला बहिष्कार, हिंगण्याचा आश्रम हीं सर्वांना ठाऊक झालीं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या स्वतः बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या. ११ मार्च १८९३ रोजीं त्यांनीं हा विवाह केला. म्हणजे बहिष्काराचा चटका एकट्या अण्णांना बसला असें नव्हे. आणि अण्णा आपली मिळकत आश्रमाच्या झोळींत टाकीत असतां घरची चूल कशी पेटत होती, हें चुलीपुढें बसणारीलाच ठाऊक. तरी त्यांचें ‘माझें पुराण’ निघावयास १९४४ साल उजाडलें. बाया तेव्हां ऐंशीच्या घरांत आल्या होत्या, आणि तें पुस्तक सिद्ध केलें त्यांच्या सूनबाईंनीं, कावेरीबाई कर्वे यांनीं. सासूची कहाणी सुनेनें जपावी, हें सासूसुनांच्या प्रचलित कथांत बसत नाहीं. पण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची एक बाजू तेवढ्यामुळें अंधारांत राहिली नाहीं.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याहून बोधक आहे. मुलगा देवदत्त वडिलांचें, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें, चरित्र सिद्ध करण्याच्या खटपटींत होता; त्यासाठीं आईनें आपल्या आठवणी सांगाव्या, एवढाच मूळचा हेतु. शाळेचें तोंड न पाहिलेली ती माउली सांगूं लागली, आणि वडिलांच्या चरित्राच्या सामग्रींतून आईचीं ‘स्मृतिचित्रें’ उभीं राहिलीं. त्यांत आरंभींच आजोबांची हकीकत आहे. सत्तावनच्या धामधुमींत त्यांना फांशी झाली. त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचें असें वेड लागलें, कीं घरांत मीठसुद्धां धुवून घेतलें जाई! फांशीची नोंद सरकारी दप्तरांत मिळेल. धुतलेलें मीठ कोणत्या दप्तरांत मिळणार? आणि लक्ष्मीबाईंचा जन्म तर १८६८ चा. म्हणजे आजोबांची ही गोष्ट त्यांनीं पाहिलेली नव्हे, ऐकलेली. एका मुलानें आईला विचारलें आणि हातीं तीन पिढ्या आल्या.

विचारण्याचीही एक रीत असते. ‘तुमची जीवनकथा सांगा’ म्हटलें कीं म्हातारें माणूस संकोचतें आणि ‘आमच्यांत काय सांगण्यासारखें आहे’ म्हणून मोकळें होतें. किंवा नोकरीच्या तारखा तरी सांगत बसतें. पुण्याच्या घरांत, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें पाणी शिरलें तेव्हां आधीं काय उचललें, असें विचारावें. गांवाकडून आलेल्यांना, १९७२ च्या दुष्काळांत मिलोच्या भाकरी कशा लागत, हें विचारावें. जुनें भांडें, लग्नांतली पत्रिका, चाळीचा जिना यांचा आधार मिळाला कीं स्मृति आपोआप चालूं लागते. सनावळींत चूक निघाली तर मध्येंच टोकूं नये. साल पंचांगांत सांपडतें. आतां तर खिशांतल्या फोनवर तासन् तास बोलणें उतरतें, तेव्हां साधनांची सबब उरलेली नाहीं. उशीर होतो तो मुलांच्या सवडीमुळें.

देवदत्तांनींही पुष्कळ त्वरा केली होती. ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां आईचें वय सहासष्ट होतें, पुढचे भागही लागोपाठ सिद्ध होत गेले. चौथा भाग हातांत असतांच २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई गेल्या. राहिलेली हकीकत मुलाला स्वतःच्या लेखणीनें पुरी करावी लागली.