‘प्रमाण’ : गणिती संज्ञा आणि समीक्षेचे माप

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत घराचे काम निघाले की गवंडी हाताखालच्या माणसाला ‘एकास सहाचा माल कालव’ असे सांगतो. एक घमेले सिमेंटला सहा घमेली वाळू, हा संबंध तो एका विभक्तिप्रत्ययाने व्यक्त करतो. त्याच गल्लीतील शाळकरी मुलाच्या पुस्तकात हा संबंध ‘गुणोत्तर’ या नावाने येतो आणि दोन गुणोत्तरे समान असली की त्यांचे ‘प्रमाण’ होते. तेथून जवळच असलेल्या शिवाजी विद्यापीठात साहित्याच्या तासाला ‘प्रमाणबद्ध रचना’ आणि ‘प्रमाणभाषा’ हे शब्द ऐकू येतात. वरवर पाहता हे सारे एकाच कल्पनेचे पर्याय वाटतात. त्यांचा इतिहास पाहिला असता मात्र ध्यानात येते की ‘प्रमाण’ हा शब्द गणितात दोन राशींचे नाते सांगतो, तर अन्यत्र तो अधिकार सांगतो. या दोन अर्थांमधील सीमारेषा मराठी समीक्षेने पुसट होऊ दिली आणि तिची किंमत बोलींना मोजावी लागली.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) त्रैराशिकातील राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशी नावे आहेत. निष्काच्या तीन-सप्तमांशाला अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती मिळेल, असा प्रश्न तेथे विचारलेला आहे. यातील तीन-सप्तमांश निष्क हे ‘प्रमाण’, अडीच पळे हे ‘फल’ आणि नऊ निष्क ही ‘इच्छा’. उत्तर साडेबावन्न पळे. येथे ‘प्रमाण’ म्हणजे संपूर्ण नाते नव्हे, तर त्या नात्यातील केवळ पहिली राशी होय. ती आदर्शही नव्हे. एका व्यवहारातील ज्ञात किंमत, तीही अडनिड्या अपूर्णांकातील, गणकाने सोयीसाठी प्रथम मांडली एवढेच. तिच्यावर एक अट मात्र आहे : प्रमाण आणि इच्छा या राशी एकाच जातीच्या असल्या पाहिजेत. निष्कांना निष्कांनीच मोजावे लागते.

‘मा’ म्हणजे मोजणे. या धातूपासून प्रमाण, परिमाण आणि मात्रा हे शब्द झाले, तसेच अनुमान आणि उपमा हेही झाले. गणित, तर्क आणि काव्यशास्त्र यांच्या संज्ञा अशा एकाच कुळातील आहेत. त्रैराशिकाने सारे गणित कसे व्यापले आहे हे सांगताना भास्कराचार्यांनी विश्व व्यापणाऱ्या हरीचा दाखला दिला, म्हणजे गणिती नात्यासाठी उपमेचाच आश्रय घेतला. ग्रीकांची वाटही फारशी निराळी नव्हती. त्यांच्या भाषेत ‘आनालोगिया’ हा शब्द प्रथम गणिती प्रमाणाचा. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त रूपकाचा एक प्रकार त्याच्याच आधारे स्पष्ट केला : वार्धक्याचे आयुष्याशी जे नाते, तेच संध्याकाळचे दिवसाशी, म्हणून वार्धक्याला आयुष्याची संध्याकाळ म्हणता येते. येथेही महत्त्व आहे ते नात्याला. चार पदांपैकी कोणतेही एक पद इतरांवर सत्ता गाजवीत नाही.

सत्तेचा प्रश्न येतो तो मापाबरोबर. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि त्यात मठाला लावून दिलेल्या उत्पन्नाचा तपशील येतो : दामाचा विसावा भाग, घाण्यागणिक पळीभर तेल, मापाच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा मठाला आणि निम्मा मापाऱ्याला. मराठीचा हा अगदी आरंभीचा गद्य नमुना अशा रीतीने गुणोत्तरांनी भरलेला आहे. त्यातच असाही निर्बंध आहे की जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. वाटे कसे पडावेत हे ठरविणे वेगळे आणि ते कोणाच्या मापाने मोजावेत हे ठरविणे वेगळे. पहिली बाब गणिताची, दुसरी अधिकाराची. शिलालेखाने दोन्ही स्पष्टपणे आणि स्वतंत्रपणे नोंदविल्या आहेत.

लोकव्यवहाराने पुढेही ही स्पष्टता राखली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही पाठांतरे, ‘अर्धेली’ने कसलेली जमीन, ‘एकरी’ ऊस, ‘माणशी’, ‘घरटी’, ‘शेकडा’ या प्रत्येक शब्दात कशाच्या मानाने मोजले हे उघड असते. पाठ्यपुस्तकी परिभाषेत मात्र शब्दांनी जागा बदलल्या. पटीने वाढणाऱ्या श्रेढीचे विशेषण असलेला ‘गुणोत्तर’ हा शब्द दोन राशींच्या तुलनेसाठी रूढ झाला. त्रैराशिकातील पहिल्या राशीचे ‘प्रमाण’ हे नाव संपूर्ण नात्याला मिळाले आणि पहिली राशी निनावी झाली. परिणामी ‘प्रमाण’ म्हटल्यावर ‘कोणत्या राशीच्या मानाने?’ हा प्रश्न विचारण्याची सवयच सुटली.

ही सवय सुटल्याचा परिणाम ‘प्रमाणभाषा’ या संज्ञेत दिसतो. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये स्वीकारले गेले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. हे नियम लेखनाचे होते. व्यवहारात ते बोलण्यालाही लावले गेले. कोल्हापूरकडील स्त्री ‘मी आलो’ असे म्हणते. छापील व्याकरणाने मोजले की ती चूक ठरते. त्रैराशिकाच्या दृष्टीने ही मांडणीच सदोष आहे, कारण लिखित नियम आणि उच्चारित बोली या राशी एका जातीच्या नाहीत.

मराठी ग्रामीण कादंबरीत निवेदन प्रमाणभाषेत आणि बोली संवादापुरती, हा संकेत दीर्घकाळ चालला. तेथे बोलीचे ‘प्रमाण’ किती असावे ही चर्चा संभवत होती, कारण पहिली राशी गृहीत होती. कागलच्या आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) नारबाचे संपूर्ण निवेदनच बोलीत केले, तेव्हा ती राशीच बदलली. अशा कृतीत बोली किती आहे असे विचारणे निरर्थक होय. तेथे बोली हेच प्रमाण आहे, आणि नारबाच्या बोलण्यात मध्येच एखादा पुस्तकी शब्द आला तर मोजावयाचा तो शब्द.

‘प्रमाण’ हा शब्द समीक्षेतून हद्दपार करावा असे यातून निष्पन्न होत नाही. त्याचा ‘लीलावती’तील अर्थ परत मिळवावा, एवढेच निष्पन्न होते. प्रमाण ही मोजणाराने प्रथम मांडलेली राशी आहे. इच्छा बदलली, तिची जात बदलली, की प्रमाणही नव्याने मांडावे लागते. पाटणच्या शिलालेखाने माप मठाचे आहे हे निदान दगडावर कोरून सांगितले होते. समीक्षकानेही आपले माप कोणाचे आहे हे आरंभीच सांगावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.