सूर्यावर सापडलेला वायू आणि विजयदुर्गचे ओटे



विजयदुर्ग किल्ला पाहायला गेलेल्या प्रत्येकाला 'साहेबाचे ओटे' आवर्जून दाखवले जातात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी या ओट्यांवर दुर्बीण मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि येथेच हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. शाळेच्या सहलीत मीही अनेक वर्षे हेच सांगत आलो. दोन वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीने तेथेच मला विचारले, "सर, लॉकियरनी ग्रहण नसताना, इंग्लंडमध्ये राहून ती रेषा पाहिली, असं लायब्ररीतल्या पुस्तकात आहे. मग ते इथे कधी आले?"

मी इतिहास शिकवतो. तारीख आणि स्थळ या दोन गोष्टी तरी पक्क्या असाव्यात, असे मुलांना रोज बजावणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याची मदत घेऊन नंतर जे वाचले, ते येथे देत आहे.

चुलीच्या जाळात मिठाचा खडा टाकला तर ज्वाला पिवळी होते, हे आपल्या आई-आजींना ठाऊक आहे. तो रंग मिठातील सोडियमचा. तापलेल्या वायूचा प्रकाश लोलकातून नेला, की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक जागी ठरावीक रंगाच्या रेषा उमटवते; जणू त्याची सहीच. जर्मनीतील किरखोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली आणि कोट्यवधी मैलांवरच्या सूर्यात काय आहे, हे घरबसल्या ओळखण्याची वाट उघडली. या कामाच्या उपकरणाला स्पेक्ट्रोस्कोप म्हणतात.

१८६८ चे ग्रहण या उपकरणाने पाहिलेल्या पहिल्या मोठ्या ग्रहणांपैकी होते. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरली आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण अशी पूर्वेकडे गेली. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती, म्हणून दूरदूरची मंडळी भारतात आली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टणला होते. त्याच वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी हे आपले भारतीय खगोलशास्त्रज्ञ निजामाच्या मुलखात वनपर्तीला गेले होते. आणि गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सेन होते.

सूर्य झाकला गेला तेव्हा त्याच्या कडेला उसळलेल्या ज्वालांच्या प्रकाशात काही तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांत एक पिवळी होती. ती अनेकांनी पाहिली, पण सोडियमच्या रेषेच्या इतकी जवळ होती, की हर्शेल यांनीही तिला सोडियमचीच मानली. नवे मूलद्रव्य डोळ्यांसमोरून गेले आणि ओळखले गेले नाही. पाच-सहा मिनिटांत, हात थरथरत असताना, अचूक माप घेणे सोपे नव्हते. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

जान्सेन यांच्या मनात वेगळाच विचार आला. या रेषा एवढ्या ठळक असतील, तर ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, त्यांनी लख्ख उन्हात स्पेक्ट्रोस्कोप सूर्याच्या कडेवर रोखला आणि रेषा दिसल्या! पुढे कित्येक दिवस ते रोज सूर्याच्या ज्वाला पाहत राहिले.

आणि लॉकियर? ते त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. लंडनच्या युद्धखात्यात कारकुनी करून फावल्या वेळात आकाश पाहणारे हे गृहस्थ. ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याची कल्पना त्यांनाही १८६६ मध्येच सुचली होती, पण मागवलेला स्पेक्ट्रोस्कोप तयार व्हायला दोन वर्षे लागली. तो हाती आला आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना त्या रेषा दिसल्या. योगायोग असा, की जान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र आणि लॉकियर यांचे निवेदन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आले. पहिला कोण, यावर भांडण माजू शकले असते. फ्रान्सने दोघांच्याही मुद्रा असलेले एकच पदक काढले.

पिवळी रेषा सोडियमची नाही, हे लॉकियर यांनी निवांतपणे मोजून ठरवले. सोडियमच्या जोडरेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, तर ही ५८७.६ वर. प्रयोगशाळेत रसायनज्ञ फ्रँकलंड यांच्या सोबतीने शोधूनही तशी रेषा देणारा पदार्थ मिळेना. तेव्हा हे पृथ्वीवर न सापडलेले मूलद्रव्य असावे, असे मानून ग्रीक भाषेतील 'हेलिऑस' म्हणजे सूर्य, यावरून त्याला हेलियम नाव पडले. पुष्कळांनी ते खरे मानले नाही. अखेर मार्च १८९५ मध्ये लंडनमध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया केली आणि निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा चमकली. लॉकियर यांना सत्तावीस वर्षे वाट पाहावी लागली.

मग विजयदुर्गचे ओटे कोठले? ते खोटे नाहीत. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा एका खग्रास ग्रहणाची सावली कोकणावरून गेली, आणि त्या वेळी साठी ओलांडलेले लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आले होते. किल्ल्यात त्यांनी मुक्काम मांडला. उपकरणे जराही हलू नयेत म्हणून पक्के चौथरे लागत. 'मेल्पोमीन' या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी वेध घेण्याच्या कामात तयार केले होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकली. याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ दिला होता. त्यांचे नाव मात्र आपल्या मुलांच्या कानावर पडत नाही.

१८६८ ची सावलीही विजयदुर्गवरून गेली होती. ग्रहण खरे, साहेब खरा, ओटे खरे; मला वाटते, लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणांचे एकच झाले.

या वायूची पुढची हकिकतही थोडक्यात सांगतो. पृथ्वीच्या पोटात युरेनियम आणि थोरियम यांचा क्षय होताना हेलियम सुटतो आणि नैसर्गिक वायूबरोबर अडकून राहतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यात डेक्स्टर गावच्या विहिरीतून १९०३ मध्ये निघालेला वायू नीट पेटेना, तेव्हा गावकऱ्यांची निराशा झाली. दोन वर्षांनी त्यात हेलियम सापडला. तो हलका असून जळत नाही. १९३७ मध्ये 'हिंडेनबर्ग' हे जर्मन हवाई जहाज पेटले, ते त्यात हेलियमऐवजी हायड्रोजन भरला होता म्हणून. १९०८ मध्ये हॉलंडच्या कामर्लिंग ओन्नेस यांनी उणे २६९ अंश सेल्सिअसला त्याचा द्रव केला. इस्पितळातील एम.आर.आय. यंत्राचे चुंबक याच द्रवात थंड ठेवतात, आणि अग्निबाणाच्या टाक्यांतील इंधन पुढे रेटायलाही हाच वायू वापरतात. आपल्या कित्येक घरांतील माणसे नोकरीनिमित्त कतारला गेली. तेथील रास लफानला २००५ पासून नैसर्गिक वायूतून हेलियम वेगळा काढण्यास प्रारंभ झाला. एकदा हवेत सुटला की तो हळूहळू अवकाशात निघून जातो, परत मिळत नाही. वाढदिवसाचे फुगे पाहताना हे मला हल्ली आठवते.

यंदाच्या सहलीत ओट्यांजवळ मुलांना वह्या काढायला लावल्या आणि दोन ग्रहणांच्या दोन तारखा, कोणत्या दिवशी कोण कोठे होते, हे सारे लिहून घेतले. पूर्वी मी चुकीचे सांगत होतो, हेही त्यांना सांगितले. मुले हसली. ती प्रश्न विचारणारी मुलगी आता अकरावीला आहे. तिला निरोप पाठवला आहे, की उत्तर मिळाले.