मौनी अवकाश आणि सुरांचे भाष्य

अवकाशाच्या पोकळीतून ध्वनी प्रवास करीत नाही. तेथून दिसणाऱ्या पृथ्वीला वा चंद्राला जोडलेले संगीत म्हणूनच पाहणाऱ्याचे असते. दृश्य तेच राहते, सूर बदलले की त्याचा अर्थ पालटतो. अशा संगीताला सजावट समजण्यापेक्षा भाष्य समजणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

स्टॅन्ली कुब्रिक यांचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' एप्रिल १९६८ मध्ये प्रदर्शित झाला. अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी रचलेले संगीत बाजूला सारून कुब्रिक यांनी योहान स्ट्राउस यांचे १८६७ मधील 'ब्लू डॅन्यूब' हे वॉल्ट्झ पृथ्वीभोवतीच्या यानांना जोडले. व्हिएन्नाच्या नृत्यगृहातील लय मिळताच ती परकी पोकळी एकदम सुसंस्कृत, ओळखीची झाली. चंद्रभूमीवरील प्रवासात मात्र लिगेती यांच्या रचनेतील एकमेकांत विरघळणारे मानवी आवाज ऐकू येतात. तेथे ताल हाती लागत नाही. अपोलो ८ मधून बिल अँडर्स यांनी टिपलेले पृथ्वीच्या उदयाचे विख्यात रंगीत छायाचित्र २४ डिसेंबर १९६८ चे. म्हणजे भाष्य आधी आले, दृश्य मागून.

अपोलो मोहिमांच्या मूळ चित्रणावर अल रेनर्ट यांनी केलेल्या माहितीपटासाठी ब्रायन ईनो, रॉजर ईनो व डॅनियल लॅन्वा यांनी दिलेले संगीत १९८३ मध्ये ध्वनिमुद्रिकारूपाने आले. 'फॉर ऑल मॅनकाइंड' हा माहितीपट १९८९ चा. येथे विजयघोष नाही. अंतराळवीर कंट्री संगीताच्या कॅसेट सोबत नेत, हे ध्यानी घेऊन त्यात स्टील गिटारचे रेंगाळणारे सूर योजले आहेत. पराक्रमाच्या जागी एकाकीपण येते.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक निकटचे आहे. १९७७ च्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. शंभरांहून अधिक चित्रेही तीत सांकेतिक रूपात कोरलेली आहेत. पण कोणत्या चित्राबरोबर कोणता सूर ऐकावा, हे सांगितलेले नाही. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला पृथ्वी सोडली. १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. १८ सप्टेंबरला त्याच यानाने सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवरून मागे पाहत पृथ्वी व चंद्र प्रथमच एका चौकटीत टिपले.

भैरवीने मैफल संपते, हा आपला संकेत. त्या दोन चंद्रकोरींसारख्या आकृतींखाली आम्हांस भैरवी ऐकू येते, ती या संकेतामुळे आणि त्या दोन दिवसांच्या अंतरामुळे. यानाने असा मेळ घातलेला नाही. तो आम्ही घालतो, आणि त्याची जबाबदारीही आमचीच.