वाचा हरपलेल्यांचे भय

१६ आणि १७ जून १७८३ यांमधल्या रात्री लंडन येथे सुप्रसिद्ध इंग्रज कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन जागे झाले ते डोक्यात काही विलक्षण गोंधळ झाल्याच्या जाणिवेने. बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात प्रार्थना रचली. पद्य फारसे चांगले उतरले नाही. परंतु ते चांगले नाही हे आपल्याला कळते आहे, यावरून बुद्धी जागेवर असल्याचा निर्वाळा त्यांनी स्वतःस दिला. वाचा मात्र गेली होती. पुढे नोकर बोलत बोलत आत आला. धन्याने हाती दिलेली चिठ्ठी आपण का वाचावी, हे त्याला प्रथम उमगेना. ही हकीकत जॉन्सन यांनी दोन दिवसांनी मिसेस थ्रेल यांना लिहिलेल्या पत्रात सांगून ठेवली आहे.

जॉन्सन भाग्यवान म्हणावयाचे. हात अधूनमधून चुकीची अक्षरे काढीत असला तरी त्यांना लिहिता येत होते, आणि पुढे वाचाही परतली. पक्षाघाताने ज्यांची वाचा जाते त्यांपैकी पुष्कळांचे लिहिणे-वाचणेही तिच्याबरोबरच जाते. त्यांच्या मनात काय चालले आहे, हे त्यांना विचारावे तरी कसे? वैद्यकाच्या इतिहासात वाचा कोठे राहते याचा शोध आधी लागला. ती गेलेल्या माणसाला भय वाटते काय, ही पृच्छा फार उशिरा झाली.

१८६१ च्या एप्रिलमध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा रुग्ण तपासला. २१ वर्षे तो तेथेच होता. कोणत्याही प्रश्नाला ‘तां, तां’ एवढेच त्याचे उत्तर. काही दिवसांत तो वारला आणि त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागातील विकृतीवरून ब्रोका यांनी वाचेचे स्थान दाखविले. त्याचा विकार पक्षाघाताच्या एका झटक्याने आलेला नव्हता. तथापि वाचाघाताच्या शास्त्राचा आरंभ त्याच्यापासून धरतात. ब्रोका यांच्या टिपणातील दुसरी एक नोंद आम्हांस अधिक बोलकी वाटते. आपल्या खुणा समोरच्याला कळल्या नाहीत की तो चिडे आणि तोंडातून एक शिवी बाहेर पडे. सोबतचे रुग्ण त्याला आपमतलबी, खुनशी, चोरटादेखील समजत. त्या संतापामागे धास्ती असेल, असा संशय कोणास आल्याचे दिसत नाही.

तो संशय पहिल्या महायुद्धानंतर कर्ट गोल्डस्टाइन यांनी घेतला. मेंदूला जखमा झालेल्या जर्मन सैनिकांवर ते फ्रँकफर्ट येथे उपचार करीत. पूर्वी सहज जमणारी गोष्ट जमेनाशी झाली की असा सैनिक एकाएकी कावराबावरा होई, चिडे किंवा तोंड फिरवी. हा हट्ट नव्हे, ही भीतीच होय, असे गोल्डस्टाइन यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. कोणी तोंडाने न सांगता केवळ वागणुकीवरून भय ओळखण्याची ही वाट होती.

पुढे मोजमापाचे युग आले आणि ही वाट मागे पडली. झिगमंड व स्नेथ यांनी १९८३ साली रुग्णांसाठी १४ कलमांची प्रश्नावली रचली. त्यांपैकी ७ कलमे चिंतेविषयीची. ती सुटसुटीत म्हणून सर्वत्र रूढ झाली. पण कलम समजणे, गेल्या आठवड्याचा विचार करणे, चार उत्तरांतून एक निवडणे, ही सारी भाषेचीच कामे. आमचा जन्म कचेरीतील तक्ते भरण्यात चालला आहे. रकाना कोरा आला की तो ‘निरंक’ धरावा, ही सवय आम्हांस पुरती ठाऊक आहे. वाचा गेलेल्यांचे असेच झाले. ते पुष्कळदा पाहणीतूनच वगळले गेले, आणि त्यांची शांतता समाधान समजली गेली.

यावर दोन उपाय निघाले. एक, शब्दांऐवजी चेहऱ्यांची चित्रे वा वर्तुळे दाखवून रुग्णाला बोट ठेवावयास सांगणे. दुसरा, निकटच्या माणसाला विचारणे. खिन्नतेसाठी अशी निरीक्षणाची प्रश्नावली १९९८ साली इंग्लंडात झाली. चिंतेसाठी ‘बिहेव्हिअरल आउटकम्स ऑफ अँग्झायटी’ ही प्रश्नावली २०१४ साली पुढे आली व २०१७ साली वाचाघाताच्या रुग्णांवर तपासली गेली. अर्थात ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. दुखणे आणि थकवा यांनीही माणूस अस्वस्थ होतो; आणि पाहणाऱ्याची स्वतःची काळजीही उत्तरात उतरते.

आम्हां परप्रांतस्थांना आणखी एक विचार करावा लागतो. अनेक भाषा जाणणाऱ्याच्या सर्व भाषा सारख्याच परतत नाहीत. रिबो यांच्या मते आधी शिकलेली भाषा प्रथम येते. पित्र यांनी १८९५ साली अधिक वापरातल्या भाषेला तो मान दिला. कोणताच नियम सर्वांना लागू पडत नाही. घरी मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी असा ज्याचा संसार, त्याला रुग्णालयात कोणत्या भाषेत प्रश्न घालावा, हे घरच्यांनीच वैद्यांस सांगितले पाहिजे. आणि उत्तर आले नाही तर रकाना निरंक समजू नये. तो रोज जवळ बसणाऱ्याने, पाहून भरावयाचा असतो.