घटत्या अंगाचे कपडे

शिंपी कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतो, त्याला मराठीत ‘माया’ म्हणतात. ब्लाउजला दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया, पँटला मागच्या शिवणीत दीड-दोन इंच. आईचं कुठलंही ब्लाउज उलटं करून बघा. बाजूला एकाशेजारी एक अशा तीन टिपा दिसतील. अंगाने सुटलं की आतली एक टीप उसवायची, बारीक झालं की आणखी एक मारायची. कपडा तोच राहतो.

आता तुमची रेडिमेड जीन्स किंवा टी-शर्ट उलटा करा. शिवणीला लागून बोटाच्या पेराएवढीही जागा नाही, आणि कडेला ओव्हरलॉकचा जाळीसारखा दोरा. आत घ्यायला कसंबसं जमेल, पण सोडायला काहीच शिल्लक नाही.

या फरकाकडे माझं लक्ष जायचं कारण साधं आहे. गेल्या चौदा महिन्यांत माझं वजन 104 किलोवरून 81 वर आलं. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून साखर आणि लिव्हर या दोन शब्दांवर बोट ठेवलं होतं, त्यामुळे पर्याय फारसे नव्हते. खाणं बदललं, चालणं वाढवलं. ते जमलं. अडचण आली ती कपाटात. कमर 40 वरून 34 वर यायची होती, पण ती एका रात्रीत येत नाही. मधे 38 आणि 36 लागतात आणि प्रत्येक मुक्काम दोन-तीन महिन्यांचा. ऑफिसला जायचं तर एका मुक्कामाला तीन पँटी आणि चार शर्ट धरा. नगाला सरासरी बाराशे रुपये म्हणजे एका टप्प्याचे 8,400 आणि तीन टप्प्यांचे 25,200. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. शिवाय यातले दोन टप्पे मुळात फेकून द्यायचेच होते.

हा हिशोब एक्सेलमध्ये मांडल्यावर मला प्रश्न पडला की पूर्वी लोक काय करायचे. शरीर तर तेव्हाही बदलतच होतं.

मराठीत ‘वाढत्या अंगाचे कपडे’ असा शब्दप्रयोग आहे. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायचा, परकराला खाली दुमड घालून ठेवायची, पोरगी उंच झाली की एकेक दुमड सोडायची. ‘घटत्या अंगाचे कपडे’ असं मात्र कुणी म्हणत नाही. घटणं ही चांगली गोष्टच नव्हती. वजन वाढलं की ‘तब्येत सुधारली’, कमी झालं की ‘खंगला’, ‘वाळला’. टीबीला आपण क्षय म्हणतो, म्हणजे झिजणं. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली आणि मिलो खाल्ला, त्या पिढीला सैल झालेली बंडी वेगळीच दिसते. दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजीने माझ्या लोंबणाऱ्या शर्टाचा खांदा चिमटीत धरला आणि विचारलं, “काय हुतंय रं बाळा तुला? खरं सांग.” साखरेचं समजावून सांगितलं. पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने आईला वेगळं गाठून परत विचारलं.

तर, पूर्वी काय करायचे? ‘शिवलेले कपडे बाहेरून आले, आपण फक्त गुंडाळायचो’ असं बरेच जण ठोकून देतात. संत नामदेव शिंपी होते आणि ते तेराव्या-चौदाव्या शतकातले, एवढं आठवलं तरी यातला फोलपणा कळतो. कपडा शिवला जात होताच. पण तो बंद केला जात नव्हता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धोतराला आणि नऊवारीला माप नाहीच, लांबी आहे. निऱ्या कमी-जास्त झाल्या की पोटाचा फरक त्यात जिरतो. तीच नऊवारी लग्नात, सातव्या महिन्यात आणि बाळंतपणानंतर. खणाची चोळी पुढे गाठ मारून बसवायची, म्हणजे छातीचं माप रोज सकाळी नव्याने घेतलं जायचं. पायजम्याला, लेंग्याला नाडा. आणि बाराबंदी तर नावातच सगळं सांगते. पुढचे दोन पदर एकमेकांवर घ्यायचे आणि बंदांनी बांधायचे. पदर किती चढवायचा हे अंगावर अवलंबून. तुम्ही पाच किलोंनी उतरलात तर गाठ दोन बोटं सरकली, एवढंच. यात खर्च शून्य. मुख्य म्हणजे, तुम्ही उतरलात हे कपडा कुणाला सांगत नाही.

मग बटण आलं, काज आलं. काज एकदा पाडलं की ते हलत नाही. कपड्याचं माप तिथे ठरून जातं. ब्रिटिश काळात कोट, सदरा, पँट रुजले आणि शिवणयंत्रं गावोगाव गेली, तरी कपडा एका माणसाचंच माप घेऊन शिवला जायचा. शिंप्याच्या वहीत तुमच्या नावापुढे आकडे असायचे. शरीर बदलणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने माया ठेवली. नाडा आणि बंद जे काम करायचे, ते काम शिवणीच्या आत जाऊन बसलं.

आपण ज्याला साइज म्हणतो ती इथली नाही. तिची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात सैन्याला तयार गणवेश मोठ्या संख्येने हवे होते. सैनिकांची मापं गोळा झाली तेव्हा दिसलं की छाती, कमर, उंची यांचे ठरावीक मेळ पुन्हा पुन्हा येतात. युद्धानंतर पुरुषांच्या रेडिमेड कपड्यांना या मापांचा आधार मिळाला. बायकांचं घोडं अडलं. शेवटी 1939-40 मध्ये अमेरिकी कृषी खात्याने (हो, कृषी खात्यानेच, गृहशास्त्राचा विभाग त्यांच्याकडे होता) रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली सुमारे 15 हजार बायकांची प्रत्येकी 59 मापं घेतली. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं शेवटच्या हिशोबातून वगळली. हे वाचताना मी थांबलो. डेटा क्लीनिंगच्या नावाखाली असलं काहीतरी आपल्या क्षेत्रातही चालतं.

या मापांच्या आधारावर पुढे प्रमाण साइज ठरवायची मागणी कुणी लावून धरली? टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांनी. बसत नाही म्हणून परत येणाऱ्या पार्सलांनी त्या बेजार झाल्या होत्या. 1958 मध्ये प्रमाण जाहीर झालं. पण ते पाळायची सक्ती नव्हती, अमेरिकन बायकांची शरीरं बदलत गेली, आणि 1983 मध्ये ते मागे घेतलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक ब्रँडची साइज ही त्या ब्रँडचं खासगी मत आहे. एका दुकानात मी 36, पलीकडच्या दुकानात 34. वजन तेच. कमरेचा आकडा मुद्दाम लहान छापला की गिऱ्हाईक खूश होतं, हे सगळ्यांना कळलेलं आहे. मी पण दोन मिनिटं खूश झालो होतो.

आपल्याकडे मात्र भारतीय शरीराची मापं अशी देशभर कधी घेतलीच गेली नव्हती. निफ्ट या सरकारी संस्थेने ‘इंडियासाइज’ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं ते आत्ता आत्ता. मुंबईसह सहा शहरांत, 15 ते 65 वयाच्या 25 हजारांहून जास्त लोकांना थ्रीडी स्कॅनरसमोर उभं करायचं अशी ती योजना. तोवर आपण परक्यांच्या अंगाचे आकडे आपल्या पोटावर चढवत होतो. बाही लांब आणि पोट तंग हा अनुभव निम्म्या देशाला असेल.

आता माया कुठे गेली ते बघू. ओव्हरलॉक मशीन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत मेरो कंपनीने आणलं. त्यात सुईच्या बाजूला पातं असतं. शिवण घालता घालता ते जास्तीचं कापड कापत जातं, आणि दोरा कडेला वेढा घालतो. काम झटपट आणि नेटकं होतं. पण ते पातं जे कापतं तीच माया. त्याच्या आधीची कात्री संगणकावर चालते. रेडिमेड कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचा. म्हणून पँटचे, शर्टाचे भाग तागाच्या पन्ह्यावर असे मांडतात की मधे कमीत कमी चिंध्या राहाव्यात. कॉलेजात अल्गोरिदमच्या पेपरला असले प्रश्न यायचे, आणि ते अचूक सोडवणं महाकठीण असतं. उत्तर जितकं चांगलं तितकं कापड वाचतं. एका पँटला दीड इंच माया ठेवायची म्हणजे लाखभर पँटींमागे किती ताग, याचा हिशोब कुणीतरी करतं आणि ती ओळ काढून टाकतं. त्या माणसाचं काम आणि माझं काम फारसं वेगळं नाही. कपडा स्वस्त झाला तो यामुळेच, हेही मान्य केलं पाहिजे. माझ्या आजोबांकडे बाहेर जायच्या दोनच पँटी होत्या. फक्त शरीर बदलल्याचा खर्च, जो आधी दोन इंच कापडात भागायचा, तो आता आख्ख्या नव्या पँटीचा झाला आणि आपल्या खिशावर आला.

मधल्या काळात एक गंमत होऊन गेली. 1995 मध्ये अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ नावाची जीन्स आणली, दोनशे रुपयांच्या आत. पाकिटात डेनिमचं कापड, चेन, रिव्हेट, मागे लावायचा पट्टा असं सुटं सामान. शिवायची गल्लीतल्या शिंप्याकडून. ब्रँड कंपनीचा, माप तुमचं. माझे बाबा अजून तिच्याबद्दल बोलतात. त्यानंतर रेडिमेड स्वस्त होत गेलं आणि हा प्रकार विरला. आता त्याच जागी स्ट्रेच आहे. 1958 मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधलेला स्पँडेक्सचा धागा कापसात एक-दोन टक्के घालतात. इंच-दीड इंच इकडेतिकडे तो सांभाळून घेतो. वजन उतरवणाऱ्यांना माझा सल्ला असा की मधल्या टप्प्यासाठी काही विकत घ्यायचंच तर स्ट्रेच घ्या, पण ती गरम पाण्यात धुऊ नका. ताण एकदा मेला की परत येत नाही.

जुन्या मोठ्या कपड्यांचं काय? लहानपणी दारावर बोहारीण यायची. गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या या बायका जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी द्यायच्या. आईची आणि तिची घासाघीस तासभर चालायची. तिला मापाशी काही देणंघेणं नसायचं. चेन चालते का, गुडघ्यात विरलंय का, एवढंच ती उजेडात धरून बघायची. ज्याचं माप जुळेल ते अंग पुढच्या बाजारात भेटणारच, हे तिला माहीत होतं. माझ्या पुण्यातल्या सोसायटीच्या गेटवर तिला आत सोडत नाहीत. माझ्या 40 च्या चार पँटी मी गावी नेल्या. दोन काकांना झाल्या, दोन बोहारणीकडे गेल्या आणि आईला एक झाकणीचा डबा मिळाला.

आणि मला स्वस्त कपडे मिळाले ते गावीच. माझं गाव इचलकरंजी. 1904 साली तिथे पहिला यंत्रमाग बसला, आज घराघरातून खटखट ऐकू येते. आमच्या घरातली लोखंडी ट्रंक उघडली तर आत आहेराचे शर्टपीस आणि पँटपीस. प्रत्येक लग्नात मिळालेले, खोक्यासकट, काहींवर अजून हळदीचा डाग. आपण ते दुसऱ्याच्या आहेरात ढकलत राहतो आणि तीच खोकी नात्यागोत्यांत फिरत असतात. मी सहा काढले. पँटपीस सव्वा मीटरचा असतो. 104 किलोला शिंपीकाकांनी ‘पुरणार नाही’ म्हणून तो परत केला होता. आता पुरला, वर चार बोटं उरला. शिलाई पँटला 400 आणि शर्टाला 300. तीन पँटी, तीन शर्ट, 2,100 रुपये.

तेव्हा माझी कमर 36 होती. काकांना सांगितलं, अजून उतरणार आहे. त्यांनी पँटच्या मागची शिवण दाखवली. शिंप्याच्या पँटला कमरपट्टी मागे मधोमध जोडलेली असते, ती उघडता यावी म्हणून. जीन्सला ती अखंड असते, म्हणून जीन्स कमरेत घ्यायची तर पट्टी काढूनच बसावं लागतं. तीन महिन्यांनी कमर 34 झाल्यावर परत गेलो. त्यांनी टीप मारली, प्रत्येकी 60 रुपये. आत बरंच कापड गोळा झालं होतं, बसताना मागे टोचत होतं. कात्री हातात घेऊन त्यांनी विचारलं, “काय करू, माया कापू का ठिवू?”

कापली तर पँट बसेल छान, पण पुन्हा सुटणार नाही. वजन उतरवलेल्या प्रत्येकाला या प्रश्नाचा अर्थ कळेल. उतरलेलं वजन बऱ्याच जणांचं परत येतं. माझ्या ओळखीतल्या तिघांचं आलंय. डॉक्टरांनीही पुढची दोन वर्षं बघू असंच म्हटलं आहे.

मी एक पँट कापून घेतली. दोन तशाच ठेवल्या. काकांनी मागची माया हातशिलाईने दोन्ही बाजूंना पसरून चपटी बसवून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. फेब्रुवारीत मामेभावाचं लग्न आहे. आहेरात पीसच द्या, असं आईने आधीच सांगून ठेवलंय.