गाडीची गोष्ट आणि गाडीची नोंद



गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, मोबाईलमध्ये एका जुन्या स्पोर्ट्स कारचे फोटो घेऊन कामतघरला आमच्या घरी आला. जर्मन बनावटीची दोन-सीटर गाडी, 2008 चं मॉडेल, लाल रंग. विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे फक्त 34 हजार किलोमीटर चाललेली. मागांची शेड विकून दादाच्या वाट्याला जे पैसे आले होते, त्यातला मोठा भाग तो या गाडीत घालणार होता. 25 हजारांचं टोकनही देऊन झालं होतं. "तू सायन्सवाला ना, एकदा बघून घे," एवढंच त्याचं म्हणणं.

खरं सांगायचं तर मला गाड्यांतलं फार कळत नाही. रबरासारखे पदार्थ वयानुसार कसे खराब होतात, यावर माझी पीएचडी चालू आहे. पण त्या दोन आठवड्यांत जे केलं, ते संशोधनाच्या पहिल्या वर्षात मला कोणी शिकवलं असतं तर माझे बरेच महिने वाचले असते. म्हणून हा लेख. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर गाडी घ्यायची नसली तरी वाचा.

सुरुवात एका प्रसिद्ध सेकंडहँड गाडीपासून करू. 2002 च्या एप्रिलमध्ये सचिन तेंडुलकरने पोर्ट ऑफ स्पेनला 29 वं कसोटी शतक करून ब्रॅडमनची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट कंपनीतर्फे मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. पुढे आयात शुल्काचा प्रश्न आला. सरकारने सुमारे 1 कोटी 13 लाखांची माफी दिली, त्यावर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. 2011 मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. 2012 मध्ये राजेश मापुसकरांचा 'फेरारी की सवारी' आला आणि ज्यांनी फेरारी कधी पाहिली नव्हती, त्यांनाही ही गाडी माहीत झाली.

आता समजा, 2011 मध्ये ती गाडी तुम्हाला घ्यायची आहे. मालक कोण, गाडी कुठून आली, शुल्क कोणी भरलं, हे सगळं वर्तमानपत्रांच्या कात्रणांत मिळेल. मग गाडी भरवशाची आहे का, हे त्यावरून कळेल?

नाही कळणार. फेरारी 360 मध्ये 3.6 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन आहे. त्याचा टायमिंग बेल्ट रबराचा. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाचं काम निघतं. म्हणून गाडी चालो न चालो, ठरावीक वर्षांनी बेल्ट बदलावाच लागतो. (2004 मध्ये आलेल्या पुढच्या एफ-430 मॉडेलमध्ये बेल्ट जाऊन साखळी आली.) ज्या 360 मध्ये एफ-1 पद्धतीचा गिअरबॉक्स आहे, तिच्या क्लचची झीज किती झाली, हे वर्कशॉपमधला संगणक लावून वाचता येतं. म्हणजे घेणाऱ्याचे खरे प्रश्न दोन: बेल्ट शेवटचा कधी बदलला, आणि क्लच किती उरलाय? याची उत्तरं बातम्यांत शोधून उपयोग नाही. ती वर्कशॉपच्या बिलात असतात. बातमी लिहिणाऱ्याला बेल्टशी काय देणंघेणं?

इथे माझा विषय कामाला आला. रबराचं वय किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याच्या रेणूंच्या साखळ्यांवर हल्ला करत राहतात, उष्णतेने तो वेग वाढतो. रबर कडक होतं, मग भेगा पडतात. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीतही हे चालूच असतं. म्हणून 'फार चाललीच नाही' हे जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल ऐकायला छान वाटणारं वाक्य प्रत्यक्षात अर्धंच आहे. उरलेलं अर्धं टायरवर छापलेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2314 म्हणजे 2014 चा 23 वा आठवडा. दादाच्या गाडीचे चारही टायर बदललेले होते आणि त्यांच्यावर 2015 चा शिक्का होता. सात वर्षांत टायर बदलले! 34 हजारच चाललेल्या गाडीला एवढ्यात नवे टायर का लागले असतील? वय हेही कारण असू शकतं, म्हणून मी ते पुरावा मानलं नाही. वहीत फक्त प्रश्न लिहून ठेवला.

कामतघरच्या माणसाला ही सवय नवी नाही. भिवंडीचा यंत्रमाग धंदा बऱ्याच अंशी सेकंडहँड यंत्रांवर उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले माग इथे येऊन पुन्हा चालू झाले, आणि 1982 च्या संपानंतर तर गिरण्यांचं कितीतरी काम इकडे वळलं. माझे आजोबा जुना माग घ्यायला गेले की सोबत जॉबरला न्यायचे. क्रँकशाफ्ट हाताने फिरवून बुश किती घासलेत ते बघायचं आणि माग चालू असताना कापड किती वेळा थांबतं ते मोजायचं. माग नुकता रंगवलेला दिसला, तर तपासणी दुप्पट वेळ चालायची.

या व्यवहाराचं शास्त्र पुढे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मांडलं. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. अकरलॉफ यांचा 'लिंबांच्या बाजारा'वरचा शोधनिबंध 1970 मध्ये प्रसिद्ध झाला. युक्तिवाद साधा आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. उरलेल्या गाड्यांचा दर्जा घसरतो, मग किंमत आणखी घसरते. हा निबंध आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. 2001 मध्ये याच कामासाठी अकरलॉफ यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत नोबेल मिळालं. (तुमचा पेपर परत आला असेल तर हे लक्षात ठेवा.)

आपल्या कामाची गोष्ट अशी की, अशा बाजारात विकणाऱ्याच्या शब्दाला फार किंमत उरत नाही. वजन असतं ते गाडी विकायचा विचारही नव्हता तेव्हा, दुसऱ्याच कारणासाठी झालेल्या नोंदीला.

म्हणून आम्ही विकणाऱ्याकडे एकच गोष्ट मागितली: चॅसी नंबरवरून वर्कशॉपमधली जुनी सर्व्हिसची नोंद काढायला परवानगी. त्याने लगेच दिली. आरसी बुकावरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळले, बँकेचा बोजाही नव्हता. दादा खुश झाला. मग सर्व्हिसचे कागद आले. 2016 मधल्या एका ऑइल बदलण्याच्या बिलावर आकडा होता 61,240 किलोमीटर.

दादा बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "टाइप करताना चूक झाली असेल."

शक्य होतं. म्हणून त्याच्या आधीचं बिल पाहिलं: 2014, किलोमीटर 52 हजारांच्या वर. एक नोंद चुकू शकते. दोन वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या माणसांनी केलेल्या नोंदी एकाच दिशेने चुकणं अवघड. टायरचा प्रश्नही त्यात बसला.

विकणाऱ्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मीटरचा पूर्ण सेट बदललाय, त्यामुळे आकडा शून्यापासून सुरू झाला." हेही शक्य होतं, मीटर बिघडतात. पण ते खरं असेल तर त्याचंही बिल असायला हवं, कारण अशा गाडीचा मीटर काही शे-दोनशेत येत नाही. आम्ही बिल मागितलं. आठ दिवस वाट पाहिली. बिल आलं नाही, टोकनही परत आलं नाही.

मीटर मागे फिरवणं ही जुनी लबाडी आहे. अमेरिकेने 1972 मध्ये संघराज्याच्या पातळीवर त्याविरुद्ध कायदा केला. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नवे नियम आले आहेत. ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची, किलोमीटरसकट, इलेक्ट्रॉनिक नोंद त्यांनी ठेवायची आहे. पण दादासारखा थेट मालकाकडून घेणारा त्या नियमांच्या बाहेर राहतो. त्याला स्वतःच तपासावं लागतं.

आता तुमच्या कामाचं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी प्रयोगशाळेतल्या जुन्या मोजमापांचा एक संच वापरला. आकडे सुरेख होते, आलेख गुळगुळीत येत होता. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी झालं होतं, हे मी चार महिन्यांनी विचारलं. नोंद नव्हती. सगळं पुन्हा मोजावं लागलं. आजोबा असते तर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, यावर रंग कधी मारला?

तेव्हा कुठलाही डेटा, जुना कागद किंवा कुणाचा निष्कर्ष हातात घेताना तीन गोष्टी विचारा. ही नोंद कोणी, कशासाठी केली? तिच्याशी संबंध नसलेली दुसरी नोंद तेच सांगते का? आणि विसंगतीचं स्पष्टीकरण मिळालं, तर ते खरं असल्यास मागे काय उरलं असतं, आणि ते दाखवता येतं का? तिसरा प्रश्न विचारायला अवघड जातो, कारण समोरचा माणूस भला वाटत असतो आणि आपल्याला ती गाडी हवी असते.

दादा अजून जुनी स्पोर्ट्स कारच शोधतोय. 25 हजार गेले याचं त्याला वाईट वाटतं, पण आता फोटो पाठवताना तो गाडीचा फोटो नंतर पाठवतो, बिलांचा आधी.